मोठा टर्बो की योग्य टर्बो? परफॉर्मन्स गॅरेज काढणाऱ्यांसाठी हिशेबाचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण परफॉर्मन्स गॅरेज या व्यवसायाबद्दल बोललो. फळ्यावर आकडेमोड बरीच झाली. व्हिडिओ थांबवत थांबवत वही भरणं अवघड जातं, म्हणून तोच धडा इथे सावकाश लिहून देतोय. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

या व्यवसायात ग्राहक आत येतो आणि पहिलं वाक्य टाकतो, "दादा, मोठा टर्बो टाकायचाय. किती घ्याल?" या प्रश्नात ग्राहकाने वस्तू स्वतःच ठरवली आहे आणि तुमच्याकडे फक्त भाव मागितला आहे. तुम्ही भाव सांगून मोकळे झालात, की त्या वस्तूने काम नाही केलं तर दोष मात्र तुमचा. इंजिन उडालं तर ग्राहक "मीच मागितला होता" असं म्हणणार नाही. "त्या गॅरेजमध्ये जाऊ नका" असं म्हणेल.

म्हणून आजच्या धड्याचं एकच सूत्र: टर्बो शेवटी निवडायचा. आधी काम, मग ताकद, मग हवा, मग बाकीचे पार्ट, आणि त्यानंतर टर्बो. जो हा क्रम पाळतो त्याच्याकडे ग्राहक परत येतो.

१. टर्बो नेमकं काय करतो?

इंजिन म्हणजे हवेचा पंप. जितकी हवा आत, तितकं इंधन जाळता येतं, आणि जितकं इंधन नीट जळलं तितकी ताकद. टर्बो स्वतः ताकद तयार करत नाही. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरतो, तो टर्बाइन. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. तत्त्व आजही तेच आहे.

आता विहिरीवरची मोटर आठवा. शेतकरी दुकानात जाऊन "सगळ्यात मोठी मोटर द्या" असं म्हणत नाही. विहीर किती खोल, पाणी किती उंच चढवायचं आणि मिनिटाला किती लिटर हवं, हे तो आधी सांगतो. पंपाच्या पाटीवरही हेच दोन आकडे असतात, हेड आणि डिस्चार्ज. टर्बोचंही अगदी तसंच. हवा किती पट दाबायची हे झालं हेड, त्याला प्रेशर रेशो म्हणतात. मिनिटाला किती किलो हवा हवी हा झाला डिस्चार्ज. हे दोन आकडे ज्याला काढता आले, त्याला टर्बो निवडता आला.

२. भाव सांगण्याआधी पाच प्रश्न

एक छापील फॉर्म करा. ग्राहकासमोर बसून भरा आणि खाली त्याची सही घ्या.

पहिला प्रश्न: गाडी कुठे पळणार? हा सगळ्यात महत्त्वाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विम्याचा दावा अडकू शकतो तो वेगळाच. तेव्हा "सगळेच करतात हो" या वाक्यावर धंदा उभा करू नका. मोठ्या टर्बोचं काम फक्त बंद ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीसाठी घ्या. स्पर्धेची गाडी असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या नियमांत त्या गटात टर्बो बदलायला परवानगी आहे का, ते आधी वाचा. रस्त्यावरच्या गाडीचं काम घेणार असाल तर मूळ टर्बो मूळ मापाने बदलण्याचं घ्या. तोही मोठा धंदा आहे, त्यावर शेवटी बोलू.

दुसरा प्रश्न: ताकद किती हवी, आणि ती कुठे मोजलेली? कंपनी आकडा सांगते तो इंजिनच्या क्रँकवरचा. डायनो मोजतो तो चाकांवरचा. मधे गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट आपला वाटा खातात. ग्राहकाच्या मनात एक आकडा, तुमच्या मनात दुसरा, की भांडण ठरलेलं.

तिसरा: ही ताकद कोणत्या आरपीएमला हवी? ट्रॅकवर सुई बहुतेक वेळ ४,००० च्या वर असते. कमी आरपीएमवर चालणाऱ्या गाडीला मोठा टर्बो आळशी वाटतो, पाय दाबला तरी दम लागायला वेळ जातो.

चौथा: इंधन कोणतं? ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती यावर बूस्टची मर्यादा ठरते.

पाचवा: एकूण बजेट किती? "टर्बोसाठी किती" असं विचारू नका. "गाडी पूर्ण तयार होऊन ट्रॅकवर उभी राहीपर्यंत किती" असं विचारा. उत्तरं फार वेगळी येतात.

३. उदाहरण: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०

खरी गाडी घेऊ. भारतात २०१७ मध्ये आलेली ऑक्टाव्हिया आरएस २३०. इंजिन १,९८४ सीसी पेट्रोल टर्बो, ईए८८८ घराण्यातलं. ताकद २३० अश्वशक्ती, टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, गिअरबॉक्स सहा गिअरचा डीएसजी. समजा पुण्यातल्या तुमच्या गॅरेजमध्ये अशी एक गाडी आली. फक्त ट्रॅकवर पळणार. मालकाला क्रँकवर ३५० अश्वशक्ती हवी आहे आणि तीही ६,५०० आरपीएमला. गाडी पुण्यात तयार होणार, पळणार चेन्नईच्या ट्रॅकवर.

*पायरी एक: इंधन किती?* चांगलं टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २२७ ग्रॅम पेट्रोल जाळतं. ३५० गुणिले २२७ म्हणजे तासाला जवळपास ८० किलो.

*पायरी दोन: हवा किती?* पूर्ण जोरात एक किलो साध्या पेट्रोलला साधारण १२ किलो हवा धरतात. ८० गुणिले १२ म्हणजे तासाला ९५५ किलोच्या आसपास. भागिले ६०, म्हणजे मिनिटाला १५.९ किलो हवा. टर्बो कंपन्यांचे तक्ते बऱ्याचदा पौंडात असतात, त्यात हे ३५ पौंड. म्हणूनच या धंद्यात एक सोपा आडाखा आहे: मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण १० अश्वशक्ती. हा आपला डिस्चार्ज मिळाला.

*पायरी तीन: इंजिन स्वतः किती हवा ओढतं?* फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. १.९८४ लिटर गुणिले ३,२५० म्हणजे मिनिटाला ६,४४८ लिटर. सिलिंडर ९५ टक्के भरतात असं धरलं तर ६.१३ घनमीटर. एवढ्या जागेत १५.९ किलो हवा कोंबायची, म्हणजे दर घनमीटरला २.५९ किलो. इंटरकूलरमधून ५५ अंशांवर येणारी हवा इतकी दाट करायला सुमारे २.४४ बार निरपेक्ष दाब लागतो. बूस्ट मीटरवर हे चेन्नईत साधारण १.४३ बार दिसेल.

*पायरी चार: प्रेशर रेशो.* इंटरकूलर आणि पाइपांत ०.१४ बार दाब हरवतो असं धरा. म्हणजे कॉम्प्रेसरला २.५८ बार द्यावा लागेल. आता आत येणारी हवा बघा. चेन्नईत वातावरणाचा दाब १.०१ बार. एअर फिल्टरने ०.०५ खाल्ला, उरला ०.९६. २.५८ भागिले ०.९६ म्हणजे २.६९. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे दाब ०.९५ च्या आसपास, फिल्टरनंतर ०.९०. प्रेशर रेशो झाला २.८७.

बघा, गाडी तीच, ताकद तीच, पण पुण्यात टर्बोला जास्त मेहनत. शाफ्ट जास्त वेगाने फिरणार आणि हवा जास्त तापणार. जो टर्बो किनाऱ्यावर ठीक होता तो घाटावर मर्यादेला टेकू शकतो. म्हणून ग्राहकाचा पत्ता हा बिलापुरता नसतो, तो हिशेबातला आकडा आहे.

४. नकाशा वाचायला शिका

प्रत्येक चांगल्या कंपनीच्या कॉम्प्रेसरचा एक आलेख असतो, त्याला कॉम्प्रेसर मॅप म्हणतात. उभ्या अक्षावर प्रेशर रेशो, आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह. मधे बेटांसारखी वर्तुळं. सगळ्यात आतल्या बेटावर कार्यक्षमता सर्वांत जास्त.

डावीकडची रेषा सर्जची. तिच्या डावीकडे गेलात तर दाब भरपूर पण प्रवाह कमी, हवा उलटी फिरते, टर्बो फडफडतो आणि बेअरिंग मार खातं. उजवीकडची कड म्हणजे चोक. तिथे शाफ्ट कितीही पळवा, हवा वाढत नाही, नुसती तापते.

एकच बिंदू ठेवून निर्णय घेऊ नका. किमान दोन ठेवा. वरचा बिंदू आपण काढलाच: २.८७ आणि १५.९ किलो. हा पुण्याचा हिशेब आहे. कंपनीचा नकाशा ठरावीक दाब-तापमानाला धरून काढलेला असतो, म्हणून आपल्या पातळ हवेसाठी प्रवाह थोडा वाढवून वाचावा लागतो. पुण्यासाठी तो साधारण १७ किलो, म्हणजे ३७ ते ३८ पौंडांवर जातो. आता खालचा बिंदू. ३,५०० आरपीएमला तेवढाच दाब मागितला तर हवा लागते ८.६ किलो, दुरुस्तीनंतर ९.२ किलो, म्हणजे २० पौंड. हे दोन्ही बिंदू एकाच नकाशात, सर्ज रेषेच्या उजवीकडे आणि बेटांच्या जवळ बसले पाहिजेत. वरचा छान बसला पण खालचा सर्जच्या पलीकडे पडला, तर तो टर्बो या इंजिनाला मोठा झाला. खालचा बसला आणि वरचा कडेला गेला, तर लहान.

कार्यक्षमता इतकी महत्त्वाची का? ३५ अंशांची हवा २.८७ पट दाबली आणि कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षमतेवर असेल, तर ती १९० अंशांच्या आसपास बाहेर पडते. तोच कॉम्प्रेसर कडेला ढकलून ६० टक्क्यांवर चालवला तर २१५ अंश. ही जास्तीची २५ अंश उष्णता इंटरकूलरच्या गळ्यात. त्याला ती झेपली नाही तर सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधीच भडकतं, नॉकिंग होतं आणि पिस्टन जातो. इंजिन उघडल्यावर ग्राहकाला नकाशा दिसत नाही, वितळलेला पिस्टन दिसतो.

५. तीन पर्याय

*पर्याय अ: टर्बो तोच ठेवणं.* या गाडीत मुळात आयएचआय कंपनीचा आयएस२० टर्बो आहे. २३० अश्वशक्तीला मिनिटाला साधारण १०.४ किलो हवा लागते. आपल्याला हवी त्याच्या दीडपट. एवढी झेप या टर्बोकडून मागायची नाही. पण ग्राहक नवशिका असेल, तर आहे त्या टर्बोवर गाडी निरोगी करून ब्रेक, टायर आणि कूलिंगवर पैसे लावायला सांगा. ट्रॅकवर वेळ तिथेच कमी होते.

*पर्याय ब: आयएस३८.* याच ईए८८८ घराण्यातल्या इंजिनावर फोक्सवॅगनने गोल्फ आरमध्ये आयएस३८ लावून ३०० अश्वशक्ती आणि ३८० न्यूटन-मीटर दिले. याचा मोठा फायदा म्हणजे तो मूळ टर्बोच्या जागीच बसतो. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं असतं आणि टर्बो थेट हेडला बोल्ट होतो. त्यामुळे त्याच घराण्यातला टर्बो घेतला तर कापाकापी फार कमी. ३०० च्या आसपासची ताकद ज्याला पुरते, त्याच्यासाठी हा सगळ्यात शहाणा पर्याय. कारखान्याने तपासलेली जोडी आहे.

*पर्याय क: गॅरेट जी२५-५५०.* गॅरेटच्या या मालिकेत नावातला शेवटचा आकडा म्हणजे तो टर्बो जास्तीत जास्त किती अश्वशक्तीची हवा देऊ शकतो ते. कंपनी या टर्बोचा पल्ला ३०० ते ५५० सांगते. आपली ३५० त्यात आरामात बसते. नकाशा जाहीर असतो, म्हणजे तुम्ही तुमचे बिंदू स्वतः ठेवून बघू शकता. पण हेडला थेट बसत नाही. अडॅप्टर, डाउनपाइप, तेल आणि पाण्याच्या नळ्या, वेस्टगेटची जुळणी, सगळं नव्याने करावं लागतं.

ग्राहक इथे हमखास विचारतो, "मग जी२५-६६० का नको? थोडेच पैसे जास्त." कारण ६६० चा पल्ला ३५० पासून सुरू होतो. म्हणजे आपलं शेवटचं टोक ही त्याची पहिली पायरी. पाच माणसांच्या घरात पंगतीचं पातेलं चुलीवर ठेवल्यासारखं. तापायलाच वेळ जाणार.

टर्बाइन बाजूचा एक आकडाही समजून घ्या: ए/आर. टर्बाइनच्या शंखात वायूची वाट किती रुंद आणि ती शाफ्टपासून किती लांब, यांचं हे गुणोत्तर. जी२५ मध्ये ०.४९, ०.७२ आणि ०.९२ असे पर्याय मिळतात. लहान ए/आर म्हणजे टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या आरपीएमला वायू कोंडतो. मोठा म्हणजे उलट. आपली गाडी ट्रॅकवर ४,००० ते ६,५०० मध्ये राहणार, म्हणून ०.७२ पासून विचार सुरू करायचा.

आता निर्णय कसा करायचा? गिअरबॉक्सकडे बघून. ६,५०० आरपीएमला ३५० अश्वशक्ती म्हणजे साधारण ३८० न्यूटन-मीटर टॉर्क. गोल्फ आरमध्ये सहा गिअरच्या डीएसजीसोबत कंपनीने दिला तोही ३८०. म्हणजे खाली ३,००० आरपीएमला ४५० चा धक्का देण्याची गरजच नाही. ३८० धरायचा आणि तो वरपर्यंत टिकवायचा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले वेग. टॉर्क तोच ठेवून तो जास्त वेगापर्यंत टिकवला की ताकद आपोआप वाढते आणि गिअरबॉक्सही शाबूत राहतो. लहान टर्बोचा वर दम संपतो, म्हणून या ग्राहकासाठी क. पण बजेट पूर्ण कामाचं नसेल, तर ब आणि ३०० च्या आसपास थांबायचं. अर्धवट क कधीच नाही.

६. टर्बोसोबत काय काय येतं?

कोटेशनमध्ये हे सगळं स्वतंत्र ओळींवर लिहा:

• इंटरकूलर: १९० अंशांची हवा ५५ वर आणायची आहे. मूळ इंटरकूलर २३० अश्वशक्तीसाठी आहे, हे विसरू नका.

• इंधन पुरवठा: साध्या पेट्रोलला तासाला ८० किलो, पण इ२० पेट्रोलमध्ये इथेनॉलमुळे साधारण ८ टक्के जास्त, म्हणजे ८६ किलो. हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर तेवढं देतात का ते तपासा.

• ईसीयू ट्यूनिंग: डायनोवर, मिश्रण आणि नॉक यांची नोंद घेत, टप्प्याटप्प्याने.

• डीएसजीचं क्लच आणि त्याचं सॉफ्टवेअर, स्पार्क प्लग, रेडिएटर, ऑइल कूलर.

• ब्रेक आणि टायर. ज्याला पळवलं त्याला थांबवायचंही आपणच.

• बसवण्यापूर्वीची तपासणी: कॉम्प्रेशन टेस्ट, तेलाचा दाब, क्रँककेस ब्रीदर. आजारी इंजिनावर टर्बो चढवायचा नाही. आजार सापडला तर काम थांबवा आणि लेखी कळवा.

बसवताना तेलाकडे डोळ्यात तेल घालून बघा. नवीन तेल, नवीन फिल्टर, स्वच्छ फीड लाइन. तेल परत जाण्याची नळी उताराची आणि बिनअडथळ्याची. बॉल बेअरिंगच्या टर्बोला कंपनीने सांगितलेला तेलाचा रिस्ट्रिक्टर. सुरू करण्याआधी टर्बोत तेल भरणं, मग इग्निशन बंद ठेवून स्टार्टर फिरवून दाब येऊ देणं. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या पुढे फेऱ्या मारतो. काही सेकंद कोरडा फिरला तरी बेअरिंगचं आयुष्य जातं.

७. कोटेशन: इथे धंदा टिकतो किंवा बुडतो

बहुतेक नवीन गॅरेजवाले शेजाऱ्याची मजुरी विचारून आपली ठरवतात. आपण हिशेबाने ठरवू. समजा तुमचा महिन्याचा खर्च असा: भाडं ३०,०००, दोन मेकॅनिक ५०,०००, वीज-इंटरनेट-विमा १०,०००, हत्यारांच्या कर्जाचा हप्ता २०,००० आणि तुमचा स्वतःचा पगार ४०,०००. एकूण दीड लाख. हो, स्वतःचा पगार धरायचाच. नाहीतर तुम्ही मालक नाही, बिनपगारी नोकर.

आता विकण्याजोगे तास. दोन मेकॅनिक, २५ दिवस, रोज प्रत्यक्ष कामाचे ५ तास. बाकी वेळ चहा, साफसफाई, पार्ट शोधणं, ग्राहकांशी बोलणं यात जातो. झाले २५० तास. दीड लाख भागिले २५०, म्हणजे तासाला ६०० रुपये. हा नुसता खर्च आहे, यात नफा अजून नाही.

टर्बोच्या कामाला समजा बसवणं ३० तास, ट्यूनिंग आणि चाचणी ८ तास, पहिल्या ट्रॅक दिवसानंतर पुन्हा तपासणी ४ तास. एकूण ४२. गुणिले ६०० म्हणजे २५,२०० रुपये. त्यावर २० टक्के नफा, ३०,२४० रुपये. "शेजारी पंधरा हजारात करतो" म्हणून तुम्हीही पंधरा घेतले, तर पूर्ण पैसे मिळूनही १०,२०० रुपये खिशातून गेले. डायनोचं भाडं, गॅस्केट, तेल, कूलंट आणि जीएसटी वेगळे.

चार नियम पाळा:

१. मागवून आणायच्या पार्टची पूर्ण रक्कम आगाऊ. अडॅप्टर कापून झाल्यावर कुणी परत घेत नाही.

२. ताकदीची हमी नको, पद्धतीची द्या. "आधी आणि नंतर त्याच डायनोवर मोजून कागद देऊ" हे तुमच्या हातात आहे. "३५० देऊच" हे पेट्रोल आणि इंजिनच्या तब्येतीवरही अवलंबून आहे.

३. वॉरंटी कशावर आहे आणि कशावर नाही ते लेखी द्या. नंतर दुसऱ्या कुणी ट्यूनिंग बदललं तर जबाबदारी संपली.

४. गाडी फक्त ट्रॅकसाठी आहे हे ग्राहकाच्या सहीने फॉर्मवर घ्या. पण सही म्हणजे कवच नव्हे. गाडी रस्त्यावर पळणार हे माहीत असेल तर काम घेऊ नका. कागदाचा मसुदा एकदा वकिलाकडून तपासून घ्या.

८. रोजची भाकरी कुठून?

महिन्याला अशी दोन कामं मिळाली तरी ८४ तासच भरले. उरलेले १६६ तास कोण भरणार? सुरुवातीला तर दोनही मिळणार नाहीत.

उत्तर तुमच्या गल्लीतच उभं आहे. टर्बो डिझेल पिकअप, टेम्पो ट्रॅव्हलर, टॅक्सीच्या गाड्या. यांचे टर्बो झिजतात आणि मालकाला गाडी एक दिवसही उभी ठेवणं परवडत नाही. तिथे मूळ मापाचा टर्बो किंवा त्याचा मधला भाग, ज्याला कार्ट्रिज म्हणतात, तो बदलून देणं हे कायद्यात बसणारं आणि वर्षभर चालणारं काम आहे.

इथेही शिस्त तीच: आधी कारण, मग टर्बो. तेलाची वाट तुंबली होती का? तेल वेळेवर बदललं होतं का? एअर फिल्टरच्या फटीतून धूळ गेली का? ब्रीदर बंद होता का? जुना टर्बो का गेला हे न शोधता नवीन बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो आणि वॉरंटी तुमच्या अंगावर येते. कारण शोधल्याची तपासणी फी वेगळी लावा आणि जुना पार्ट ग्राहकाच्या हातात देऊन दाखवा. टेम्पोवाला दहा जणांना सांगतो. परफॉर्मन्सचं काम तुमचं नाव करेल, पण भाडं हे टेम्पोच भरतील.

९. गृहपाठ

हा धडा नुसता वाचून उपयोग नाही. तीन गोष्टी करा.

एक, वरचा हिशेब ३०० अश्वशक्तीसाठी स्वतः करा. हवा मिनिटाला १३.६ किलोच्या आसपास आली पाहिजे. तुमच्या गावाचा हवेचा दाब धरून प्रेशर रेशो काढा.

दोन, गॅरेटच्या संकेतस्थळावरून जी२५-५५० आणि जी२५-६६० चे नकाशे छापून घ्या. आपले दोन बिंदू पेन्सिलने दोन्हींवर ठेवा आणि सर्ज रेषेपासूनचं अंतर बघा. मोठा आणि योग्य यातला फरक डोळ्यांना दिसेल.

तीन, तुमच्या शहरात गॅरेज काढायचं धरून महिन्याचा खर्च लिहा आणि तासाचा दर काढा. तो दर एका चिठ्ठीवर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा.

मग जेव्हा कुणी येऊन विचारेल, "दादा, मोठा टर्बो टाकायचाय, किती घ्याल?" तेव्हा खुर्ची पुढे करा, चहा सांगा आणि फॉर्म काढा. पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा: "गाडी पळणार कुठे?"

पुढच्या आठवड्यात आपण कोटेशनच्या कागदाचा नमुना ओळीओळीने भरून बघणार आहोत. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण ठेवा. भेटू पुढच्या धड्यात!